चिविता: कड्यावरचं गाव

हा पूल १९६५ सालचा. काँक्रीटचा, साधारण ३०० मीटर लांब, आणि शेवटच्या चढावर दम काढणारा. चिविता दी बान्योरेज्योला जायला एवढीच वाट, तीही पायी. रोमच्या उत्तरेला, वितेर्बो प्रांतात, दोन ओढ्यांच्या मधे उरलेल्या कातळावर हे गाव उभं आहे.

घरांवरून नजर जरा खाली आणा. तपकिरी, सरळसोट कडा दिसतोय तो टफ, म्हणजे ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला खडक. त्याखालची करडी उतरण चिकणमातीची. इथे कधीकाळी समुद्र होता, त्याचा हा गाळ. पावसात ही माती फुगते, घसरते. कियारो आणि तोर्बिदो हे ओढे ती पायथ्याशी कुरतडत राहतात. बूड सुटलं की वरच्या कातळाला उभी भेग जाते आणि एक दिवस कड्याची अख्खी कपची दरीत उतरते. वर घर असेल तर घरासकट. दरीतले ते धारदार, उघडेबोडके कंगोरे याच झिजेतून झालेत.

मग इथे गाव वसवलं कोणी? रोमनांच्या आधी या भागात राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी, अडीच हजार वर्षांपूर्वी. उंचावर शत्रूची भीती कमी, आणि टफ छिन्नीला सहज वश होतो. वेशीची ही वाट बघा, कातळ कापूनच काढलीय. घरांखालची तळघरं, पाण्याची टाकी, कड्यातली थडगी, सगळं कोरीव. गावाखालून आरपार जाणारा बोगदाही त्यांचाच मानतात. वेशीवरचे सिंह मात्र पुष्कळ नंतरचे. पंजात माणसाचं मुंडकं धरून बसलेत.

आत शिरताच हा वाडा लागतो. वाडा कसला, नुसती दर्शनी भिंत. खिडक्यांतून आभाळ दिसतं.

तेराव्या शतकातले संत बोनाव्हेन्तुरा इथलेच. त्यांचं जन्मघरही दरीत गेलं.

चौकातलं सान दोनातो एकेकाळी बिशपचं चर्च होतं. १६९५ च्या भूकंपानंतर बिशप आणि गावचा कारभार शेजारच्या वस्तीत, आजच्या बान्योरेज्योत, हलला. त्यांच्यामागे माणसंही गेली. आज कायमचे राहणारे जेमतेम दहा-पंधरा.

जून आणि सप्टेंबरात याच चौकात गाढवांच्या शर्यती होतात. आम्हाला मिळाली ती फक्त मांजरं.

बोनाव्हेन्तुरा तेक्की या इथल्याच लेखकाने या गावाला ‘मरणारं गाव’ म्हटलं, आणि ते नाव भलतंच खपलं. २०१३ पासून पुलावर तिकीट आहे, वर्षाला लाखो लोक येतात. फोटो सगळे चौकाचे. पण गाव तगायचं तर ते खालच्या मातीवर: उतारावरचं पाणी वळवणं, कड्यात पोलादी सळया ठोकून कातळ बांधून ठेवणं, भेगांवर उपकरणांनी पाळत ठेवणं. हे सगळं समजावून सांगणारं दरडींचं एक छोटं संग्रहालय गावातच आहे. तिकीट काढून आलाच आहात, तर अर्धा तास तिथेही द्या.