भिंतीतली ओल कुठून येते?

मंडळी, जुलै-ऑगस्टात कोल्हापुरातल्या घराघरांतून मला एकच प्रश्न येतो. ‘भिंतीला ओल आलीय, कुठला रंग लावू?’ रंगाच्या दुकानात याचं उत्तर लगेच मिळतं. ओल अडवणारा प्रायमर, वर पुट्टी, वर महागातला रंग. दिवाळीला भिंत चकाचक होते आणि पुढच्या आषाढात त्याच जागी पुन्हा पोपडे धरतात. जुनं घर तपासताना असा पोपडा मी नखानं उचलून बघतो, तेव्हा एकाखाली एक तीन-चार रंग निघतात. दर खेपेला पैसे गेले आणि पाणी जिथं होतं तिथंच राहिलं. म्हणून आज माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे : पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत रंगाला हात लावू नका.

भिंतीत पाणी यायच्या वाटा चार. पावसाचं पाणी, नळाचं नि सांडपाण्याचं पाणी, जमिनीतलं पाणी आणि घरातल्याच हवेतली वाफ. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

पावसाची ओल आधी घेऊ. आपल्याकडं पावसाची झड पश्चिमेकडनं, नैर्ऋत्येकडनं येते, त्यामुळं मार खाते ती त्या अंगाची भिंत. खिडकीची चौकट नि भिंत यांच्यातली फट, छज्ज्याचा सांधा, बीम आणि विटकाम जिथं भेटतं तिथली आडवी चीर, पाणी इथनंच आत घुसतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असेल तर एक लक्षात ठेवा, कोबा पाणी धरून ठेवतो. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी स्लॅब ठिबकतो आणि लोक समजतात की पाइप फुटला. गच्चीला शंभरास एक इतका तरी उतार हवा. पावसानंतर एखाद्या कोपऱ्यात डबकं साचत असेल तर तिथली ओल आज ना उद्या खाली उतरणारच. मृग लागायच्या आधी गच्चीवरचे पन्हाळी पाइप मोकळे करा. पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोपटं उगवलेलं दिसलं तर नुसतं वरनं कापू नका. मूळ आत राहतं, जाड होत जातं आणि सांधा फोडतं.

आता नळाची ओल. फाल्गुन-चैत्रातही डाग ओलाच राहिला तर तो पावसाचा नव्हे. राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीवर तीन-साडेतीन फुटांवर ताटाएवढा डाग होता. घरच्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं, तरी डाग तसाच. मी भिंतीच्या पलीकडं काय आहे ते बघितलं. पलीकडं बाथरूम, आणि डागाच्या बरोबर मागं गरम-गार पाण्याचा नळ. टाइलवर नाणं वाजवत गेलो. बाकीच्या टाइल भरीव वाजत होत्या, नळाखालच्या दोन पोकळ. त्या काढल्या तर आतल्या एल्बोच्या, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडाच्या, आट्यांतनं थेंब थेंब पाणी सुटत होतं. थेंबच, पण दिवसरात्र. एल्बो बदलायला अर्धा दिवस लागला, भिंत वाळायला उन्हाळा गेला.

आपल्याकडं पाणी ठरलेल्या वेळीच येतं, तेव्हा गळती शोधायला मीटरपेक्षा गच्चीवरची टाकी बरी. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ बंद करा, टाकीच्या आतून पातळीवर खूण करा. सकाळी कुणी नळ सोडायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर पाइप, नळ किंवा फ्लशची टाकी यांपैकी काहीतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. न ओढताच भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. बाथरूमची फरशी तपासायला नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या भोकाला, बोळा घालून दोन इंच पाणी एक-दोन दिवस भरून ठेवा आणि खालच्यांच्या छताकडं लक्ष द्या. फरशीवर पाणी असतानाच खाली ओल वाढली तर दोष फरशीत, आणि काहीच झालं नाही तर पाइपात शोधा. जुन्या इमारतींतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप आतून गंजतात. तिथं एक तुकडा बदलून काही महिन्यांनी दुसरा बदलण्यापेक्षा पूर्ण लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची, करून घ्या, आणि टाइल बसवायच्या आत प्रेशर लावून तपासून घ्या. हे शेवटचं काम प्लंबरवर सोडू नका. स्वतः उभं राहून बघा.

तिसरी ओल जमिनीतली. ही खालून वर चढते, साधारण तीन फुटांपर्यंत, आणि भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, धरते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी घरं दगड, विटा आणि चुन्याची. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडतेही. तिला आपण सिमेंटचा गिलावा नि वर ऑइलपेंट लावून बंद करतो, मग आतल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ते आणखी वर सरकतं. अशा घरांना चुन्याचाच गिलावा हवा. करणारे गवंडी कमी आहेत, तरी शोधा. त्यात पेठांमधला रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेलाय. कित्येक घरांचा उंबरा आज रस्त्याच्या खाली आहे, आणि रस्त्यावरचं पाणी घराच्या पायातच मुरतं.

इथं मला पुराबद्दल बोललंच पाहिजे. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी या भागांतल्या कितीतरी घरांत दिवसेंदिवस पाणी होतं. पाणी ओसरलं की घर धुतलं आणि गणपतीच्या आत रंग दिला, असं पुष्कळांनी केलं. घाई मी समजू शकतो, पण भिंत ते मानत नाही. ढोबळ हिशोब असा, की विटकाम महिन्याला इंचभर वाळतं. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी मोकळी असली तरी चार-पाच महिने लागतात, तेही हवा कोरडी असेल तर. पुरात भिजलेला गिलावा पुराच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका आणि विटा उघड्या ठेवा. पाण्याबरोबर भिंतीत क्षार शिरलेले असतात. श्रावणात गुळाची ढेप जशी हवेतलं पाणी ओढून पाझरते तशी ती भिंत दर पावसाळ्यात पाणी ओढते, खाली जमीन कोरडी असली तरीही. क्षार धरलेला गिलावा काढण्याला पर्याय नाही.

चौथी ओल हवेतली, आणि बुरशी बहुतेकदा हिच्यावर पोसते. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट, घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे, गीझरची वाफ, दारंखिडक्या बंद. कपाटाची पाठ हिरवट-काळी होते, साड्यांना कुबट वास येतो. ओल हवेतली की भिंतीतली हे ओळखायला फूटभर प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतनं येतंय, बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतनं. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढं ओढा. झड लागलेली असताना खिडक्या उघडून घर वाळत नाही, बाहेरचीच हवा ओली असते. उघडीप मिळाली की उघडा आणि पंखा चालू ठेवा.

बुरशीला ओली जागा एक-दोन दिवस मिळाली तरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, आणि अशा घरांत दम्याचा नि श्वसनाचा त्रास जास्त आढळतो हे त्यात स्पष्ट मांडलं. घरात बाळ असेल, वयस्कर आईवडील असतील, कुणाला दमा असेल, तर हा विषय रंगरंगोटीचा राहत नाही. बुरशी कोरड्या ब्रशनं झाडू नका, तिचे कण सगळ्या घरात उडतात. एन-९५ मास्क लावा, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसा, जागा कोरडी करा. गिलाव्यात मुरलेली बुरशी पुसून जात नाही, तो गिलावा खरवडूनच काढावा लागतो. फुगलेलं प्लाय टाकून द्या. आणि आयाबायांनो, हे नीट ऐका. ब्लीचिंग पावडर आणि बाथरूम धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातनं क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ओल स्विचबोर्डापर्यंत गेली असेल तर आधी मेन स्विच बंद, मग वायरमन, मग बाकी सगळं.

शेवटी खर्चाचं. वरच्या नि खालच्या मजल्यावरची माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, अशी घरं मी पाहिलीत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, हे लिहिलेलं आहे : गच्चीतनं किंवा बाहेरच्या सांडपाण्याच्या पाइपांतनं गळत असेल तर खर्च सोसायटीचा, कुणाच्या संडास-बाथरूम-सिंकमधनं गळत असेल तर त्या सभासदाचा. म्हणून भांडणाच्या आधी पाणी भरून चाचणी करा, दोन्ही घरच्यांना समोर उभं करून. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायची असते, तेही त्याच उपविधींत आहे. गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचा पोपडा पाडते, ते पडेपर्यंत वाट बघू नका. आणि फ्लॅट नवा असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरनं ३० दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगू नका. ओलीचे तारखेसह फोटो काढा, लेखी पत्र द्या, पोच घ्या. पाचवं वर्ष संपत आलं असेल तर हा पावसाळा जाऊ देऊ नका.