खिशातली वही आणि शाईचं पेन

नमस्कार श्रोतेहो. शाईच्या पेनाने लिहिणारी मंडळी अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते: चांगली जाड कागदाची वही घेतली, तरी शाई फुटतेच.

दुकानात कागद जीएसएमवर विकला जातो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून शाई कशी बसेल ते कळत नाही. जपानचा तोमोए रिव्हर कागद अवघा ५२ जीएसएमचा, पलीकडची अक्षरं दिसावीत इतका पातळ. तरी त्यावर रेघ कशी धारदार उमटते! आणि १०० जीएसएमचा एखादा कागद शाई टिपकागदासारखी शोषून घेतो. सगळा खेळ खळीचा. कागद तयार करताना लगद्यात आणि पुष्कळदा वरूनही खळ देतात, त्यामुळे तंतू शाई लगेच पीत नाहीत. आपल्याकडचे जुने कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, हातकागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, ते यासाठीच. दौलताबादजवळचं कागजीपुरा तर या धंद्यावरूनच ओळखलं जातं.

खळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वही घ्यायला जाताना आपलं नेहमीचं पेन, नेहमीची शाई बरोबर न्या. दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर एकच शब्द लिहा: 'कळकळ'. 'ळ'च्या दोन्ही गाठींमधलं पांढरं उघडं राहिलं पाहिजे. मग शिरोरेषा सावकाश, सलग ओढा. तिच्या कडेने केसासारखे बारीक फाटे फुटले, तर ती वही तिथेच ठेवा. आता पान उलटा. अक्षर मागून पुसट दिसलं तर हरकत नाही. शाईचे ठिपके मागे उतरले असतील तर मात्र पाठपोट लिहिता येणार नाही, म्हणजे निम्मी वही वाया. तोच शब्द मागच्या बाजूलाही लिहून बघा, कारण कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या निघतातच असं नाही.

खिशातल्या वहीची एक वेगळी अडचण आहे. फोन नंबर टिपला की आपण वही लगेच मिटतो. फार गुळगुळीत कागदावर शाई तेवढ्यात वाळत नाही, आणि नंबर समोरच्या पानावर छापला जातो. त्यामुळे टेबलावर बसून लिहायला जो कागद मी आनंदाने घेईन, तो खिशासाठी घेणार नाही. लिहून मनात दहा अंक मोजा, अक्षरावरून बोट फिरवा. फरफटलं नाही, तर कागद कामाचा.

कव्हर कडक हवं. बसस्टॉपवर उभ्याने लिहिताना तळहात हेच टेबल असतं. कव्हर लवलं की निब कागदात रुतते. शिलाई दोऱ्याची असेल तर वही सपाट उघडते आणि आतल्या समासापर्यंत लिहिता येतं. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही तशी उघडायला गेलं की पानं सुटतात. आणि सदऱ्याच्या खिशात घाम असतो, कोकण-मुंबईत वर दमट हवा. ओल धरलेल्या कागदावर एरवी न फुटणारी शाईही फुटते. त्यामुळे कव्हर रेक्झिनचं किंवा लॅमिनेशन केलेलं बघा, पानांच्या कडेपेक्षा थोडं बाहेर आलेलं. साध्या पुठ्ठ्याचीच वही आवडली, तर वरून प्लॅस्टिकचं कव्हर चढवून घ्या.

नमस्कार.