विकणे आहे: 1966ची जीटीओ, उघड्या टपाची

(दृश्य: मिशिगनमधलं एक घर. गॅरेजचं दार सावकाश वर जातं. आत कापडाखाली झाकलेली लांबलचक गाडी.)

मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचे मालक एप्रिलमध्ये एका गोष्टीची वाट बघतात. दोन-चार चांगल्या सरी पडाव्यात आणि रस्त्यावरचं मीठ धुऊन जावं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथं रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या मिठानं इथल्या किती गाड्या खाल्ल्या याची गणती नाही. म्हणून ही गाडी नोव्हेंबरपासून घराबाहेर पडली नव्हती. आज निघते आहे, ती गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून.

(कापड ओढलं जातं.)

पॉन्टियाक जीटीओ. साल 1966. कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी टप मागे दुमडता येणारी. गडद निळा रंग, आत पांढरं रेक्झिन. पुढचे दिवे एकावर एक, उभे रचलेले. मागच्या चाकाच्या आधी पत्र्याला एक बाक दिला आहे, तेवढ्यानं उभी गाडीसुद्धा पुढे झेपावल्यासारखी वाटते.

मालक सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर मोटारींच्या सुट्या भागांचे साचे बनवले. ही गाडी त्यांनी सांगाडा म्हणून विकत घेतली आणि नऊ वर्षं तिच्यावर काम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत, क्लच दाबवत नाही. विकायचं कारण एवढंच.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पॉन्टियाक शहर, कारखान्याची धुराडी.)

या गाडीची सुरुवात एका नियमातून पळवाट काढताना झाली. जनरल मोटर्सनं 1963च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या विभागांना मोटार शर्यतींतून बाहेर काढलं. पॉन्टियाक विभागाची सगळी पत तर शर्यतींवर उभी होती. ट्रॅक बंद झाला, मग वेग रस्त्यावरच विकावा, असं तिथल्या तरुण इंजिनिअरांनी ठरवलं. जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी ही त्यातली नावं. कल्पना साधी होती: मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या बॉनव्हिल गाडीचं इंजिन बसवायचं.

अडचण एकच होती. मध्यम गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा दंडक होता, आणि हे इंजिन 389चं. पण दंडक नव्या मॉडेलला लागू होता. गिऱ्हाईकानं जादा पैसे देऊन मागितलेल्या सोयींबद्दल त्यात काही म्हटलेलं नव्हतं. मग जीटीओ हे मॉडेल झालंच नाही. 1964च्या ल माँ गाडीवर (ही टेम्पेस्टचीच वरच्या दर्जाची आवृत्ती) घ्यायचा एक जादा संच म्हणून ती यादीत आली. विभागप्रमुख पीट एस्टिस यांनी 5,000 गाड्यांना परवानगी दिली. त्या वर्षी 32,450 खपल्या.

389 घन इंच म्हणजे जवळजवळ 6.4 लिटर. त्याच काळात मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचं इंजिन 1089 सीसीचं होतं. आपल्या आजोबांनी ज्या गाडीतून अख्खं कुटुंब महाबळेश्वरला नेलं, तिची जवळजवळ सहा इंजिनं या एका बॉनेटखाली मावतात.

1966 साली जीटीओला स्वतंत्र मॉडेलचा मान मिळाला. तिच्यासाठी ते सगळ्यात भरभराटीचं वर्ष ठरलं. 96,946 गाड्या विकल्या गेल्या, त्यांतल्या 12,798 कन्व्हर्टिबल. आपल्यासमोरची त्यांतली एक.

(दृश्य: मालक ड्रायव्हरचं दार उघडतात. दाराच्या खांबावर, बिजागऱ्यांच्या मध्ये, धातूची छोटी पट्टी. कॅमेरा जवळ जातो.)

ते गिऱ्हाइकाला आधी इंजिन दाखवत नाहीत. आधी हे.

242676पी, आणि पुढे गाडीचा क्रमांक. हे वाचता येणं फार महत्त्वाचं आहे. पहिला 2 पॉन्टियाकचा. 42 म्हणजे जीटीओ. 67 म्हणजे कन्व्हर्टिबल. मग 6, म्हणजे 1966. आणि पी म्हणजे पॉन्टियाक शहरातला कारखाना. आकडे 242 पासून सुरू झाले, तर ही गाडी जीटीओ म्हणूनच जन्मली.

1964 आणि 65च्या गाड्यांचं तसं नाही. तेव्हा जीटीओ हा जादा संच होता, त्यामुळे साध्या ल माँचा आणि जीटीओचा नंबर एकाच आकड्यांनी सुरू होतो. जुनी ल माँ घ्यायची, जीटीओच्या पट्ट्या-बिल्ले लावायचे, 389चं इंजिन बसवायचं आणि जीटीओच्या भावात विकायची, हा उद्योग अनेक वर्षं चालत आला आहे. बाहेरून बघून कुणालाही सांगता येणार नाही. त्यावर उतारा म्हणजे कागद. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था कारखान्याच्या बिलांच्या नोंदी जपून आहे. गाडीचा नंबर कळवला की त्या गाडीच्या मूळ नोंदीची प्रत मिळते: कोणत्या डीलरला गेली, रंग कोणता, कोणकोणत्या जादा सोयी घेतल्या होत्या. जनरल मोटर्सनं पॉन्टियाक बंद करत असल्याचं 2009 साली जाहीर केलं. नाममुद्रा गेली, तरी तिच्या चिठ्ठ्या शिल्लक आहेत. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे किती जुन्या गाड्यांचा असा जन्मदाखला मिळेल?

(दृश्य: टेबलावर कागदांची फाइल. मालक एक कागद पुढे सरकवतात.)

आणि याच कागदामुळे त्यांच्या गाडीची किंमत कमी होते. त्या नोंदीत इंजिनाचा क्रमांक आहे, आणि गाडीतल्या इंजिनावरचा क्रमांक तो नाही. इंजिन 389चं आहे, 1966चंच आहे, पण ते दुसऱ्या गाडीचं. मूळ इंजिन सत्तरच्या दशकात कधीतरी निकामी झालं असावं. ती तरुण पोरांची गाडी होती, पोरांनी ती तशीच पळवली.

ही गोष्ट त्यांनी जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहिली आहे. शेवटी बारीक अक्षरांत घालता आली असती, किंवा कुणी विचारेपर्यंत गप्प बसता आलं असतं. मी गाड्यांच्या खूप जाहिराती वाचल्या आहेत. दोष आधी सांगणारी ही पहिलीच, आणि ती वाचूनच आम्ही कॅमेरा घेऊन इथं आलो.

(दृश्य: कामाच्या काळातले फोटो. बॉडी वेगळी, चासी वेगळी.)

आता त्यांनी काय केलं ते बघा. आधी बॉडी चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, पूर्ण उचलली. कन्व्हर्टिबलला टपाचा आधार नसतो, सगळा पीळ खालच्या चासीला सोसावा लागतो. म्हणून बंद टपाच्या गाडीत जिथं एका बाजूनं उघडी पट्टी असते, तिथं कन्व्हर्टिबलची चासी चारही बाजूंनी बंद, पेटीसारखी असते. मजबूत खरी, पण पेटीत पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. गंज आतून धरतो आणि वरून रंग चकचकीत दिसत राहतो. त्यांनी चासीची एक बाजू दोन ठिकाणी कापली, नवा पत्रा जोडला, मग आतून गंजरोधक सोडलं.

पायाखालचा पत्रा पूर्ण नवा. डिकीचा तळ नवा. मागच्या चाकांमागचे खालचे कोपरे नवे, कारण चाकानं उडवलेलं मीठ तिथंच जाऊन बसतं.

(मालक खिशातून लोहचुंबक काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतात.)

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळलेला आहे, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. कुठंही लावून बघा, असं ते खुणेनं सांगतात. पत्र्यावर चुंबक धरतो. खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर सुटतो. गिऱ्हाईक गुडघ्यावर बसून चाकांच्या कमानीभोवती चुंबक फिरवतो. टक. टक. टक. सगळीकडे धरतो.

रंग मात्र मूळचा नाही. त्या काळी जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरायची, हा आजचा रंग आहे आणि वर पारदर्शक थर. छटा बिलावरची. ब्रेकही मूळच्या रचनेचे नाहीत. 1966 साली चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर एकच भागाचा. कुठंही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जायचे. मालकांनी दोन भागांचा मास्टर सिलिंडर बसवला आहे. जुना खोक्यात ठेवला आहे. सीसेविरहित पेट्रोल चालावं म्हणून व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या केल्या आहेत. या बदलांबद्दल नाक मुरडणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. जी गाडी नातवाला शेजारी बसवून चालवायची, तिला थांबता आलं पाहिजे.

(दृश्य: बॉनेट उघडं.)

एक मोह मात्र त्यांनी टाळला. जीटीओ म्हटलं की ओळीत तीन कार्बोरेटर, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. संथ चालताना मधला एकटा काम करतो, पाय खोल गेला की बाजूचे दोन उघडतात आणि गाडी उसळते. त्या जोडणीत कंपनी 360 अश्वशक्ती सांगायची. 1966 हे तिचं शेवटचं वर्ष, म्हणून आज ती असली की भाव चढतो, आणि मागाहून बसवायचे भागही मिळतात. या गाडीच्या बिलावर एकच चार तोंडांचा कार्बोरेटर आहे, 335 अश्वशक्तीचा. म्हणून आजही तोच आहे.

(किल्ली फिरते. काही क्षण निवेदन नाही, फक्त आवाज.)

(दृश्य: वुडवर्ड अव्हेन्यू. डेट्रॉइटपासून पॉन्टियाक शहरापर्यंत जाणारा सरळ, रुंद रस्ता.)

साठच्या दशकात रात्री याच रस्त्यावर पोरं सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. आज रविवारची सकाळ आहे. गिऱ्हाईक चालवतो आहे, मालक शेजारी. तिसऱ्या गिअरमध्ये मालक तळहात खाली करून दाखवतात, हळू. इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही.

टप उघडा असल्यानं दोघांचं बोलणं आमच्यापर्यंत पोचत नाही. मालक दोनदा मागं वळून मागचा कोपरा बघतात, उजव्या चाकामागचा. तो त्यांनी तीन वेळा कापून जोडला होता.

(दृश्य: परत गॅरेज. बटण दाबल्यावर टप सावकाश वर येतो.)

व्यवहार ठरला. आकडा दोघांनी आम्हाला सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. मालक फाइल देतात, दोन किल्ल्या देतात. मग आत जाऊन ते खोकं घेऊन येतात: जुना मास्टर सिलिंडर, गंजलेला एक बिल्ला, मूळ पत्र्याचा हाताएवढा तुकडा. खोकं डिकीत ठेवतात, आणि नव्या मालकाला बजावतात की टप ओला असताना कधीही दुमडायचा नाही, आधी उन्हात पूर्ण वाळवायचा.