कडी-कोयंडा

नमस्कार. आर्किटेक्ट म्हटलं की लोकांना वाटतं आता हा आधीचा फोटो, नंतरचा फोटो दाखवणार, पिवळी भिंत, दोन कुंड्या, झालं. फोटो आणलेत मी, पण आधी माझी चूक सांगतो.

मुंबईतल्याच एका जुन्या गोडाऊनमध्ये बेघरांसाठी रात्रनिवारा चालायचा, त्याचं रिनोव्हेशन आमच्याकडे आलं. वर पत्रे, खिडक्या नावाला, पावसाळ्यात चादरी वाळायच्याच नाहीत, आत कायम तो कुबट वास. आम्ही पत्र्याच्या टोकाला झाकण असलेली फट ठेवली, खाली भिंतीत जाळ्या काढल्या, गरम हवा आपोआप वरून निघून जायला लागली, पंखे होते तेवढेच पण मे महिन्यात माणूस आत झोपायला लागला. हे जमलं. आणि लॉकर! स्टीलचे, नंबर टाकलेले, मॅनेजरच्या केबिनमध्ये एका रांगेत, काय दिसायचे. महिनाभर कोणी हात लावला नाही.

सगळे आपलं गाठोडं उशाला घेऊनच झोपायचे. एक काका होते, केटरिंगमध्ये वाढपी, लग्नसराईत रात्री दोनला यायचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, केबिन तुमची, डुप्लिकेट चावी तुमची, आणि मॅनेजर अकराला झोपतो. माझं आधार कार्ड काढायला त्याला उठवू का?"

बरोबर होतं हो त्यांचं. फुटपाथवर राहणाऱ्याची सगळी कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत असतात, ती गेली की रेशनची पंचाईत, बँकेची पंचाईत, आणि परत काढायला गेलं की आधी पत्ता विचारतात. म्हणून तो रात्रभर अर्धा जागाच. मग सकाळी नाक्यावर पोचेपर्यंत मुकादम माणसं घेऊन गेलेला.

नियम तसे आहेत बरं का. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. २०११ च्या जनगणनेने मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास माणसं मोजली, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत, तेवढे आजही नाहीत. सरकारी योजनेत माणशी ५० चौरस फूट लिहिलंय. ६ बाय अडीचची खाट, १५ गेले. उरलेल्या ३५ मध्ये काय करायचं हे मात्र डिझाइनवाल्यानेच बघायचं, आणि आपण तिथे बंक बेड घुसवतो, ज्यावर गुडघेदुखीवाला चढूच शकत नाही. तेही आम्ही करून बघितलंय.

तर लॉकर काढले. प्रत्येक खाटेखाली लोखंडी पेटी, लादीत बोल्ट मारून पक्की, पुढे नुसता कडी-कोयंडा. कुलूप मुद्दाम दिलं नाही. आठवड्याभरात सगळीकडे आपापली कुलुपं लटकायला लागली, एकाने तर दोन लावली, चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात.

आणि काकांची गंमत. गाठोडं पेटीत गेलं तसे दुसऱ्या रात्री मॅनेजरकडे जाऊन उशी मागायला लागले. उशा आमच्या बजेटमध्ये धरलेल्याच नव्हत्या.