फाडफाड बोलणे आणि नीट लिहिणे

सांगली, मिरज, विटा या भागातल्या घराघरांतून हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘नातू तिकडे गेला आणि वर्षभरात फाडफाड इंग्रजी बोलायला लागला.’ सांगणाऱ्या आजोबांचे कौतुक खरे असते आणि वाक्यही खरे असते. मात्र त्यावरून मुलाचे इंग्रजी आता झाले, असा जो निष्कर्ष काढला जातो, त्याविषयी मला आज बोलायचे आहे, कारण मी स्वतः त्या वाटेने गेले आहे. माझे वडील मिरजेचे डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडला नोकरीसाठी गेले, तेव्हा मी सांगलीच्या मराठी शाळेतून दुसरी पास झाले होते आणि धाकटा भाऊ अजून शाळेत जायचा होता.

जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ पासून मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. खेळताना, डबा खाताना, भांडताना लागणारी भाषा परक्या देशातले मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पण धडा वाचून त्याचा अर्थ लावण्याची आणि तो स्वतःच्या वाक्यांत लिहिण्याची भाषा तिथल्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात. बोलताना समोरच्याचा चेहरा आणि हातवारे मदतीला असतात, अर्धे वाक्य सोडून दिले तरी भागते. कागदावर ही सवलत मिळत नाही.

माझी पहिली अडचण अगदी हाताची होती. देवनागरीत आपण अक्षर वरच्या रेघेला टांगतो, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसवायचे असते. जी, पी, वाय यांच्या शेपट्या रेघेखाली उतरायला हव्यात, आणि माझ्या हातून ती अक्षरे वरच्या रेघेला चिकटत, त्यामुळे लहान पी मोठ्या पीसारखा दिसे. हे काही महिन्यांत सुटले. स्पेलिंगचे प्रकरण मात्र लांबले, आणि त्यात मुलांचा दोष फारच थोडा आहे. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना काढला १४७६ साली. त्याच काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर बदलत होते आणि पुढची दोनेक शतके बदलत राहिले. उच्चार पुढे गेले, छापील रूपे बरीचशी मागेच थांबली. ‘नाइफ’मधला सुरुवातीचा के एके काळी खरोखर उच्चारला जात असे. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी तर इंग्रजीत कधीच कोणी उच्चारला नव्हता; शब्दाचे लॅटिन कूळ दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसडला. विद्वानांचे असले उपद्व्याप निस्तरायचे काम शेवटी सहा वर्षांच्या पोरांवर येते! फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १३ युरोपीय भाषांतील मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या इयत्तेच्या अखेरीस बहुतेक भाषांतील मुले ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती. स्कॉटलंडमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण होते ३४ टक्के. ही इंग्रजी मातृभाषा असलेली मुले होती, हे ध्यानात घ्यावे.

या दुखण्यावर इंग्रजांनीही औषधे शोधली. सर जेम्स पिटमन यांनी एका उच्चाराला एक चिन्ह देणारी ४४ चिन्हांची वर्णमाला तयार केली आणि १९६१ पासून ती काही शाळांत पहिल्या वाचनासाठी वापरली गेली. माझ्या भावाला नेमकी अशीच शाळा मिळाली. तो झपाट्याने वाचू लागला आणि घरी सगळे खूश झाले. पुढे नेहमीच्या लिपीकडे वळायची वेळ आली, तेव्हा आधी पक्के केलेले शब्द त्याला नव्याने शिकावे लागले आणि स्पेलिंगने त्याला कॉलेजपर्यंत छळले. ती पद्धत पुढे मागे पडली. आज इंग्लंडमध्ये अक्षरगटांचे उच्चार जोडून वाचायला शिकवतात, आणि २०१२ पासून पहिल्या इयत्तेत ४० शब्दांची चाचणी घेतात. त्यांतले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही.

स्पेलिंग जमल्यावरही वाक्य उरतेच. आपण सहज म्हणतो, ‘तो म्हणाला की मी येतो.’ मी शाळेत लिहिले, ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’, आणि बाईंनी विचारले, ‘म्हणजे तू येणार आहेस का?’ इंग्रजीत तिथे ‘मी’चा ‘तो’ होतो आणि काळही मागे सरकतो. ‘ए’ आणि ‘द’ हे तर आपल्याकडे नाहीतच. बोलताना ते गळले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, वहीत मात्र प्रत्येक ओळीत लाल खूण होते.

अशा वेळी शाळेकडून पालकांना सल्ला मिळे की घरी इंग्रजीच बोला. आमच्या आईने तो मानला नाही, याचे श्रेय मी तिच्या हट्टाला देते, भाषाशास्त्राला नव्हे. मराठी वाचायला शिकताना मला जे आले होते, म्हणजे न कळलेल्या ओळीवर थांबणे, पुढच्या वाक्यावरून शब्दाचा अर्थ ताडणे, गोष्ट क्रमाने सांगणे, ते इंग्रजीसाठी पुन्हा शिकावे लागले नाही. कमिन्स यांचेही प्रतिपादन हेच आहे की एका भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत कामाला येते. आईवडिलांनी आपले तोडकेमोडके इंग्रजी घरात आणले, तर मुलाला ना तिथले चांगले इंग्रजी मिळते, ना घरातले भरघोस मराठी. आजीआजोबांनी तरी व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ एवढ्यावर न थांबता शाळेत काय घडले ते सविस्तर मराठीत वदवून घ्यावे.

राहता राहिली शंका दोन लिप्या एकदम शिकवाव्यात की नाही, ही. माझ्या मते बेलाशक शिकवाव्यात. देवनागरी आणि रोमन अक्षरे दिसायला इतकी वेगळी आहेत की त्यांची गल्लत सहसा होत नाही. मूल बी आणि डी उलटसुलट काढते म्हणून देवनागरी थांबवणारे पालक मला भेटले आहेत. तशी उलटसुलट अक्षरे केवळ इंग्रजी शिकणारी लहान मुलेही सर्रास काढतात, आणि बहुतेकांची ती सवय सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आपोआप जाते.