मटार सोलणारे हात

(दृश्य: दोन खोल्यांचं घर. संध्याकाळ. स्वयंपाकघरात लगबग.)

साडेसात वाजलेत. कुकर लावलाय, पोळ्या व्हायच्यात आणि तीन वर्षांचं पोर पायात घुटमळतंय. मोबाईल दिला की अर्धा तास निवांत. आईबाबांना बोल लावणं सोपं आहे. पण घरात आजी नाही, दाराशी अंगण नाही, दोघंही कामावरून दमून आलेत, अशा घरात पोर सांभाळायला मोबाईलच उरतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको. त्याहून लहानांना तर नकोच. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच सूचनांमध्ये असंही आहे, की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. खरा प्रश्न या तीन तासांचा आहे. मोबाईल काढून घेतला, तर त्या हातांना द्यायचं काय?

(दृश्य: जमिनीवर परात, शेजारी मटाराच्या शेंगा. मुलीच्या बोटांवर कॅमेरा.)

अंगठा शेंगेच्या कडेवर दाबला जातो, निसटतो. पुन्हा दाबला जातो. शेंग उकलते, तीन दाणे परातीत, एक थेट कपाटाखाली. आता त्याच्यामागे पालथं पडून हात घालणं आलं. अंगठा आणि तर्जनीची ही चिमूट रोज वापरून पक्की होते, आणि पुढे पेन्सिल धरताना तीच कामी येते. मात्र मूल अगदी लहान असेल, तर जवळ बसा. दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. मॉन्टेसरी या बालशिक्षण पद्धतीची खास साधनं गावाला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. आज आपण ऑनलाइन महागडी ‘शैक्षणिक’ खेळणी शोधतो, तेव्हा बोर्डी आठवावी असं मनापासून वाटतं. डबे आणि त्यांची झाकणं, धुतलेले मोजे जोडीनं लावणं, कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं, एवढं तर प्रत्येक घरात आहे.

(दृश्य: ओट्यावर सांडलेलं पीठ.)

पसारा होईल. स्वयंपाकाला वीस मिनिटं जास्त लागतील, आणि रोज ते जमणार नाही. ज्या दिवशी नाही जमणार, त्या दिवशी एक गाणं लावा, शेजारी बसून बघा आणि ते संपलं की बंद करा. मूल रडेल, रडू द्या. गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉल मात्र स्क्रीनच्या या हिशेबात धरू नका. जेवताना फोन बाजूलाच हवा, कारण पोट भरल्याचं मुलाला तेव्हा नीट कळत नाही.

आणि त्यानं लाटलेली वेडीवाकडी पोळी भाजून त्याच्याच ताटात वाढा.