पाय गार लागतायत का?

[दृश्य : सावित्री नदीचं पात्र, मागे सह्याद्रीची रांग. गोठ्याच्या भिंतीला टेकून रचलेली जळाऊ लाकडं.]

विंचू चावला की माणूस बोंबलतो, असं आपण धरूनच चालतो. बोटाला डंख आणि ठणका खांद्यापर्यंत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण महाड-पोलादपूर भागातल्या जाणत्या डॉक्टरला बोंबलणाऱ्या पेशंटची तेवढी काळजी नसते. त्याला धास्ती असते ती गप्प पडलेल्या पेशंटची. सदरा घामानं चिंब, दोन-तीन उलट्या झालेल्या, तोंडातून लाळ, आणि दुखण्याचं विचारलं तर उत्तर येतं, "तेवढं काय नाय." अशा पेशंटच्या पावलांना हात लावायचा. पावलं गार लागली, की डॉक्टरनं त्या रात्री घरी जायचं नाही.

ही खूण पहिल्यांदा नीट टिपली गेली ती एका ग्रामीण दवाखान्यात. टिपणारे डॉक्टर होते हिम्मतराव बावस्कर.

[दृश्य : मराठवाड्यातली कोरडवाहू शेतं. मग घाट उतरणारी एस.टी.]

बावस्कर मूळचे देहेडचे. गाव आजच्या जालना जिल्ह्यात. घरी शेती आणि गरिबी. पडेल ते काम करत शाळा-कॉलेज झालं, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालं. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव मिळालं १९८१ मध्ये. कोरड्या माळरानाचा माणूस भाताच्या मुलखात आला. आणि इथं त्यांना भेटला लाल विंचू.

दिसायला हा काही फार भीतीदायक नाही. काळी जाडजूड इंगळी पाहून माणसं दचकतात, पण जीव जातो तो बहुतेक या बोटाएवढ्या तांबूस विंचवामुळे. जांभ्या दगडाच्या फटी, पेंढा, गोवऱ्यांचा ढीग, कौलांखालचे वासे, कुठंही तो असतो. उन्हाळ्यात आणि पाऊस सरल्यावरच्या उकाड्यात प्रकार वाढतात. अंधारात लाकडं काढायला घातलेला हात, चपलेत न बघता सरकवलेला पाय. पोर असेल तर अंथरुणातच.

बिरवाडीत रुजू होणाऱ्या डॉक्टरला कॉलेजानं याबद्दल काय शिकवलं होतं? फारसं काहीच नाही. मेडिकलच्या जाडजूड पुस्तकांत विंचवाला जागा होती ती जेमतेम, आणि उपचार म्हणाल तर ज्याला जे सुचेल ते. अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, ॲट्रोपिन, झोपवणाऱ्या औषधांचं मिश्रण असलेलं लायटिक कॉकटेल. गावात भगत मंत्र टाकून विंचू उतरवायचा आणि दवाखान्यात इंजेक्शन टोचली जायची. खरं सांगायचं तर दोघांच्या यशाचा हिशोब सारखाच होता: ज्यांना नुसता ठणका होता ते दोघांकडेही बरे व्हायचे, आणि ज्यांचं अंग गार पडत होतं ते दोघांच्याही हातून जायचे. पश्चिम भारतातल्या त्या काळच्या नोंदींनुसार, दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. मृत्यूचं कारण फुप्फुसात पाणी भरणं.

[दृश्य : लोखंडी खाट, सलाइनचा स्टँड. रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र.]

बावस्करांनी काय केलं, हे सांगायला अगदी साधं आहे. ते पेशंटजवळ बसले. नाडी मोजायची, रक्तदाब घ्यायचा, छातीला स्टेथोस्कोप लावायचा, हातपाय चाचपायचे, किती वाजले ते लिहायचं. तासाभरानं पुन्हा. विंचू कधी चावला, पेशंट कधी पोचला, घाम केव्हा सुटला, उलटी कधी झाली. पुरुष रुग्णांमध्ये लिंग ताठरलेलं राहतं, हीसुद्धा नोंद. लाजेपोटी पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही, अशी ही खूण. ती विचारली गेली, म्हणून कळलं की ती विषबाधा अंगभर पसरल्याची खूण आहे.

१९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर काय ओढवणार आहे, हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती, हा विषय. उलट्या, घाम, लिंगाचा ताठरपणा, गार हातपाय. लंडनच्या ज्या साप्ताहिकात छापून यावं म्हणून मोठमोठ्या संस्था धडपडतात, तिथं कोकणातल्या खाटेजवळच्या नोंदी छापल्या गेल्या. यात महागडं यंत्र एकही नव्हतं. होतं ते घड्याळ, वही आणि जागरण. जागरण हा शब्द शोधनिबंधात 'पद्धती'च्या परिच्छेदात कुणी लिहीत नाही, पण इथं खरी पद्धत तीच होती.

शरीरात घडतं ते असं. विषामुळे नसांच्या टोकांपासून ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो. अंगभरच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. पुढून नळी आवळलेली आणि मागून पंप जोरात चालू, अशी हृदयाची गत होते. काही तास ते झुंजतं, मग थकतं, आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस. आता वाचताना कळतं, की घाम आणि लाळ थांबावी म्हणून दिलेलं ॲट्रोपिन आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवत होतं.

मग औषध कोणतं? रक्तवाहिन्या सैल करणारं. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे करतं, पण ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यावं लागतं, आणि रक्तदाबावरची नजर क्षणभरही काढता येत नाही. आरोग्य केंद्राला हे झेपणारं नव्हतं. बावस्करांनी निवडलं प्राझोसिन, उच्च रक्तदाबावरची गोळी. तोंडानं घ्यायची, स्वस्त, औषधाच्या दुकानात मिळणारी. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव मांडला. दोघांचं बरंचसं संशोधन असं जोडीनंच झालेलं आहे. त्यांच्याच लेखांतली आकडेवारी सांगते, की प्राझोसिन आल्यावर मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं.

[दृश्य : एक आई लहान मुलाला कडेवर घ्यायला वाकते. नर्सचा हात तिला थांबवतो.]

गोळी देऊन काम संपत नाही. पहिल्या डोसनंतर पेशंट उठून बसला, उभा राहिला, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. त्याला आडवंच ठेवायचं. मोठ्या माणसाला हे समजावता येतं. पण लेकरू रडायला लागलं की आई त्याला खांद्यावर घेणारच. अशा वेळी आईजवळ कुणीतरी थांबायला हवं, लेकराला निजल्या जागीच थोपटायला सांगायला हवं. दर तीन तासांनी पुन्हा डोस, पावलं ऊबदार होईपर्यंत. आणि नुसता ठणका असेल तर प्राझोसिन द्यायचंच नाही. ते वेदनेवरचं औषध नव्हे. वॉर्डातलं शिक्षण म्हणतात ते हे. फळ्यावर लिहून देता येत नाही, एकदा शेजारी उभं राहून बघावं लागतं.

मधल्या काळात बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम.डी. केलं. एम.डी. झालेला डॉक्टर शहरात राहतो, हा आपल्याकडचा अलिखित नियम. ते महाडला परतले. आपल्या मेडिकल कॉलेजांत ग्रामीण सेवेचा उल्लेख अजूनही बॉण्ड, दंड, 'कधी सुटतोय' याच भाषेत होतो. बिरवाडीसारख्या ठिकाणी असे आजार बघायला मिळतात, जे मुंबईच्या प्राध्यापकाला वर्षातून एखाददा दिसतात, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यानंही ते क्वचितच पाहिलेलं असतं.

पण या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला टप्पा वेगळाच आहे.

विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे अँटिव्हेनम, द्यावी की नाही यावर जगभर वाद होता. १९९९ मध्ये ट्युनिशियातल्या मोठ्या चाचणीत सरसकट लस देऊन फायदा दिसला नव्हता. इकडे मुंबईच्या हाफकिननं लाल विंचवावरची लस बनवलेली. प्राझोसिनचं नाव बावस्करांशी जोडलं गेलेलं, जीव वाचत होते, कुणी काही विचारत नव्हतं. तरीही बावस्कर दांपत्यानं महाडमध्ये चाचणी घेतली. ७० रुग्ण, ३५-३५चे दोन गट. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांनंतर लस मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे होते. नुसत्या प्राझोसिनवरचे ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ एकीकडे ८ तास, दुसरीकडे १७.७ तास. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा निकाल छापून आला. ज्या गोळीनं नाव मिळवून दिलं, ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतःच मोजून जाहीर केलं.

[दृश्य : महाडच्या बाजारपेठेतली सकाळ. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेली माणसं.]

पुढचं संशोधन विंचवापुरतं राहिलं नाही. सर्पदंश होताच, शिवाय राज्यातल्या एका लहान गावात पिण्याच्या पाण्यातले जड धातू आणि तिथल्या लोकांची निकामी होणारी मूत्रपिंडं यांच्यावरही त्यांनी लिहिलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि २०१३ मधली एक गोष्ट. एका तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावे १,२०० रुपयांचा चेक आला. पेशंट पाठवल्याबद्दल. वैद्यकीय धंद्यात याला कट म्हणतात, आणि तो शिकवायला कोणत्याही अभ्यासक्रमात तास नसतो. ज्युनिअर डॉक्टर सिनिअरचं बघून शिकतो, जसा तो नाडी बघायला शिकतो तसाच. बावस्करांनी चेक जिरवला नाही, गुपचूप परतही धाडला नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार केली आणि प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत पोचलं. व्यवसायातल्या किती जणांना ते रुचलं असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. चेकची रक्कम इतकी किरकोळ होती, की बहुतेकांनी ती बँकेत भरून टाकली असती.